नंदादेवीचं दार बंदच राहू द्यावं का?

कातळवेडा (धागाकर्ता)

२०२५ च्या जुलैत बातमी वाचली, की नंदादेवी गिर्यारोहणासाठी पुन्हा उघडायच्या हालचाली चालू आहेत. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको: उघडू नये.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उंची ७,८१६ मीटर. कांचनजंगा याहून उंच, पण ते नेपाळच्या सीमेवर. पूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर हेच. पण खरी गंमत उंचीत नाही, जागेत आहे. शिखराभोवती डोंगरांचं कडं आहे, अगदी किल्ल्याच्या तटासारखं. त्या तटाला एकच दिंडी, ती म्हणजे ऋषिगंगेची घळ. १८८३ पासून मातब्बर लोक ती फोडायला बघत होते, जमलं १९३४ मध्ये. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज, सोबत आंगथारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. पाच माणसं आणि मोजकं सामान. आत शिरून बघतात तर कुरणं, फुलं आणि माणसाला न बुजणारी भरलं, म्हणजे तिथली रानमेंढरं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ ला, टिलमन आणि नोएल ओडेल माथ्यावर पोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत याहून उंच शिखर कुणी सर केलेलं नव्हतं.

मग आपण काय केलं? १९७४ मध्ये परदेशी मोहिमांना दार उघडलं आणि आठ-नऊ वर्षांत आतल्या अंगणाचा उकिरडा केला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८३ पासून प्रवेश बंद. १९८८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची मोहीम आत गेली ती आधीच्यांचा कचरा उपसायला. झाडोरा सावरतोय, हेही त्यांनी नोंदवलं. थोडक्यात, बंदीने काम केलं.

हिमालयात चढायला शेकडो शिखरं आहेत. एक सोडा ना.

---

भटकभवानी

लेख झकास, मत अजिबात पटलं नाही.

"आपण काय केलं" म्हणजे कोणी? पायथ्याच्या लाता गावच्या लोकांनी केलं का? मी त्या गावात चार दिवस राहिलेय. १९८३ च्या आधी तिथल्या घराघरातून मोहिमांवर माणसं जायची, पोर्टर म्हणून. धरांसी, दिब्रूघेटा ही त्यांच्या शेळ्यामेंढ्यांची उन्हाळी कुरणं. कचरा केला बाहेरून आलेल्यांनी, शिक्षा कोणाला? एका रात्रीत चराई बंद, जडीबुटी बंद, हमाली बंद. हे तेच खोरं बरं का, जिथे २६ मार्च १९७४ ला रैणी गावात गौरा देवी आणि बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या. चिपकोवर धडे शाळेत शिकवायचे आणि चिपकोवाल्यांनाच जंगलातून हाकलायचं. १९९८ मध्ये लातावाल्यांनी "झपटो छीनो" (झडप घाला, हिसकावून घ्या) म्हणत बंदी मोडून आत मोर्चा नेला. हे तुझ्या थोडक्यात-मध्ये बसलं नाही वाटतं.

---

रॉकपॅच

ताईंना +१, पण माझं कारण वेगळं आहे आणि ते मी लाजत नाही सांगायला. मला ते शिखर चढायचंय. बस्स. या देशातलं सर्वांत देखणं, सर्वांत अवघड वाटेचं शिखर, आणि माझ्या पिढीच्या एकाही गिर्यारोहकाला मुख्य माथ्याला हात लावता येत नाही. १९६४ मध्ये एन. कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वर गेला. १९८१ मध्ये रेखा शर्मा, हर्षवंती बिश्त, चंद्रप्रभा ऐतवाल यांनी माथा गाठला. त्यांचे फोटो बघत बसायचं आणि आम्ही काय करायचं? वीकेंडला हरिहरच्या पायऱ्यांवर रांगेत उभं राहायचं?

वर्षाला दोन संघ सोडा. प्रत्येकी सहा माणसं. अनामत रक्कम घ्या, कचरा वजन करून परत मागा. एव्हरेस्टवर २०१४ मध्ये प्रत्येकाने आठ किलो कचरा खाली आणायचा नियम केलाच की.

---

कातळवेडा

नियम केला म्हणतोस, आणि साउथ कोलचे (तिथल्या शेवटच्या कॅम्पचे) फोटो बघितलेस का? अनामत होती मोहिमेमागे ४,००० डॉलर. परवान्याची फी आता माणशी १५,००० डॉलर. एवढे मोजणाऱ्याला ते ४,००० बुडाले तर काय फरक पडतो?

आणि वर्षाला दोन संघ हे पहिल्या वर्षी रे. तिसऱ्या वर्षी चार, पाचव्या वर्षी कुणाच्या तरी वशिल्याने दहा. आपला देश, आपण ओळखतो.

भटकभवानी, लाताचा मुद्दा लागला. त्यावर नंतर लिहितो.

---

जुना पिट्टू

मंडळी, या धाग्यावर आत जाऊन आलेला बहुधा मी एकटाच असेन. १९८१ च्या पावसाळ्याआधी आम्ही पाच जण सरसों पातालपर्यंत गेलो होतो, म्हणजे दक्षिणेकडच्या बेसकॅम्पच्या कुरणापर्यंत. शिखर चढायची आमची लायकी नव्हती, नुसतं आत जाऊन बघायचं होतं.

लाताखरकहून धरांसीकडे जाताना सतकुला लागतं. एकापाठोपाठ एक आडव्या घळी, पायाखाली घसारा. पुढे रामणीनंतर घळीची खरी वाट. कातळाच्या तिरक्या पाट्या, त्यावर बुटाच्या रुंदीची खाच, आणि खाली ऋषिगंगा इतक्या खोल की आवाज येतो पण पाणी दिसत नाही. आमच्या पुढे एका मोठ्या मोहिमेच्या शेळ्या चालल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पिठाची पिशवी. त्या कातळावर शेळ्या टुणटुण चालत होत्या आणि आम्ही चार पायांवर.

पण सांगायचं ते वेगळंच. दिब्रूघेटाला आमच्या आधी कुणी मुक्काम करून गेलं होतं. तंबूंच्या जागा ओळखू येत होत्या. मधोमध राखेचा ढीग, आणि भोवती जुनिपरची नुसती खुंटं. कोयत्याने सपासप तोडलेली. ते झुडूप तिथल्या थंडीत किती सावकाश वाढतं हे माहीत असेल तुम्हाला. मनगटाएवढ्या खोडाला कैक वर्षं लागतात. एका रात्रीच्या भातासाठी गेलं ते. बाजूला पत्र्याचे डबे, रॉकेलचा फुटका कॅन, आणि ओढ्याच्या अगदी कडेला जे असू नये ते सगळं.

मी बंदीच्या बाजूचा. तेव्हापासून.

---

आकडेमोड

सगळे शेळ्या आणि झुडपांवर बोलतायत, वर हरवलेल्या प्लुटोनियमचं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांना: १९६५ मध्ये सीआयए आणि आपल्या इंटेलिजन्स ब्युरोने मिळून चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला नंदादेवीच्या माथ्यावर यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवायला अणुजनित्र, आत प्लुटोनियम-२३८. भारतीय बाजूने नेतृत्व मनमोहनसिंग कोहलींचं. हवामान बिघडलं, म्हणून सामान चौथ्या कॅम्पवर बांधून ठेवून मंडळी खाली आली. १९६६ मध्ये परत जाऊन बघतात तर जनित्र गायब, बहुधा हिमस्खलनात गेलं. ते आजतागायत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये बातमी फुटली तेव्हा मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं.

माझ्या मते बंदीचं खरं कारण हेच. पर्यावरण वगैरे पांघरूण आहे.

---

रॉकपॅच

साठ वर्षं झाली त्याला साहेब. एव्हाना काय उरलं असेल त्यात.

---

आकडेमोड

गणित करा की. प्लुटोनियम-२३८ चं अर्धआयुष्य सुमारे ८८ वर्षं. साठ वर्षांनंतरही साठ टक्क्यांहून जास्त शिल्लक आहे.

---

भटकभवानी

आकडेमोड, गणित बरोबर, निष्कर्ष गंडलाय. जनित्र १९६५-६६ मध्ये हरवलं आणि परदेशी मोहिमांना दार उघडलं १९७४ मध्ये. लपवायचं होतं तर ज्यावर पांघरूण घालायचं त्याच खोलीत पाहुणे बोलावले? आणि १९७८ ला गुपित फुटल्यावरसुद्धा पुढे चार-पाच वर्षं मोहिमा जातच होत्या. जुन्या पिट्टूकाका त्यातच जाऊन आले. कट शिजवणारे इतके बावळट नसतात.

पण यंत्राची भीती खोटी नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा रैणीतल्या लोकांच्या तोंडी पहिली शंका हीच होती. नंतर अभ्यासातून कळलं, की रोंती शिखराचा प्रचंड कडा हिमनदीच्या बर्फासकट सुटून खाली आला. जवळपास दोन कोटी सत्तर लाख घनमीटर दगड आणि बर्फ. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक वीजप्रकल्पांवर काम करणारी.

आणि इथे मला कातळवेडाला विचारायचंय. लाताच्या माणसाने शेळी आत नेली तर जैवविविधता धोक्यात. मग त्याच ऋषिगंगेवर, रैणीपाशी, सुरुंग लावून वीजप्रकल्प बांधला तेव्हा तुझी "एक सोडा ना" वाली मंडळी कुठे होती? लोंढ्यानंतर रैणी-जोशीमठ भागातल्या पाच जणांनी प्रकल्पांविरुद्ध याचिका केली. उच्च न्यायालयाने ती फेटाळली, वर प्रत्येकाला दहा हजार रुपये दंड ठोठावला. त्याच पावसाळ्यात रैणीचा काठ ढासळायला लागला आणि गौरा देवींचा पुतळा गावातून हलवावा लागला. दार बंद आहे म्हणतोस ते नक्की कुठल्या बाजूने?

---

माहेरवाशीण

(बऱ्याच दिवसांनी लिहितेय, सांभाळून घ्या.)

तुम्ही सगळे "शिखर", "शिखर" म्हणताय. गढवाल-कुमाऊंत ती लेक आहे. नंदा. बारा वर्षांनी राजजात, म्हणजे तिची यात्रा, निघते ती तिला सासरी पोचवायला, कैलासाला. पुढे चार शिंगांचा मेंढा, मागे डोल्या, वाटेत गावागावातल्या बाया रडून निरोप देतात. मी २०१४ च्या जातेला वाण गावापर्यंत गेले होते. एका म्हातारीने मेंढ्याच्या पाठीवरच्या पिशवीत बांगड्या आणि खाऊ ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला आमच्या गौरी-विसर्जनाची संध्याकाळ आठवली. भाषा कळत नव्हती, पण कळायचं काही शिल्लकही नव्हतं.

होमकुंडाला मेंढ्याला मोकळं सोडतात. पुढे तो एकटा जातो, माणसं मागे फिरतात. इतकंच मला म्हणायचंय. कुठे मागे फिरायचं ते त्या लोकांनी ठरवून ठेवलंय.

---

रॉकपॅच

ताई, आदर आहे, पण भावनेवर परवाने ठरायला लागले तर प्रत्येक डोंगरावर कुणीतरी देव आहेच. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ आहे, तिथे चढू नये असं कुणी म्हणतं का?

आणि याला मधला रस्ता आहे. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड कांचनजंगावर पोचले ते माथ्याच्या अलीकडे काही पावलांवर थांबले. सिक्कीमच्या लोकांना दिलेला शब्द होता. नंदादेवीवरही तसंच करता येईल. शेवटची पावलं सोडून द्यायची.

---

आकडेमोड

खुद्द सिक्कीमने पुढे आपल्या बाजूने कांचनजंगा चढायला बंदी घातली, ते सोयीस्कर विसरलास. भूतानमध्ये तर गांखर पुएन्सुम ७,५७० मीटरचं शिखर अजून कुणी चढलेलंच नाही आणि तिथे गिर्यारोहणच बंद. जग बुडालं नाही.

(जनित्राबाबत भटकभवानींचा तारखांचा मुद्दा मान्य. चिडचिड झाली, पण मान्य.)

---

घाटमाथा

मी कुंपणावरचा. एक भाबडा प्रश्न: मुख्य शिखर बंद आहे, पण नंदादेवी पूर्व, म्हणजे शेजारचं जोडशिखर, तर पलीकडून मिलमच्या बाजूने चालू आहे ना? २०१९ मध्ये तिथे आठ जण हिमस्खलनात गेले, सात मृतदेह काढायला आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) जवानांना काही आठवडे जिवावर उदार व्हावं लागलं. तीही मोकळ्या बाजूची गोष्ट. घळीतून आत गेलेल्या संघावर अशी वेळ आली तर? तिथे कुणाला पाठवायचं?

अवांतर: २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातली, दिवसाला दोनशेच माणसं असंही सांगितलं. आली-बेदनीवर तंबूंची वस्ती झाली होती म्हणून. त्या तंबूंमध्ये आपली मराठी मंडळी किती होती ते आठवून बघा. मी होतो. सकाळी गवतावर चौकोनी पिवळे डाग दिसायचे, तंबू उचलल्यावर. तेव्हा फोटो काढला होता मी त्याचा, छान नक्षी वाटली म्हणून.

---

कातळवेडा

उशीर झाला, माफ करा. भटकभवानीने कोंडीत पकडलंय, तेव्हा सरळ उत्तर देतो.

वीजप्रकल्प झाला तेव्हा मी कुठे होतो? कुठेच नव्हतो. मला त्याचा पत्ताही नव्हता. नंदादेवी म्हणजे माझ्या डोक्यात शिखर आणि वरचं अंगण, खालची नदी त्यात धरलीच नव्हती. ही चूक माझी. वरचं दार लावून घेऊन खाली पायाच खणायचा, याला संरक्षण म्हणत नाहीत हे कबूल.

पण म्हणून वरचं दारही उघडा, हे गणित मला कळत नाही. प्रकल्प चुकीचा असेल तर तो थांबवा. एका चुकीच्या नुकसानभरपाईत दुसरी कशाला?

माझं म्हणणं आता असं आहे. धरांसी-दिब्रूघेटापर्यंतचं अंगण लाता-रैणीच्या लोकांच्या हाती द्या. २००१ मध्ये त्यांनी स्वतःचा जाहीरनामा काढलाय, पर्यटन कसं असावं, कुणी चालवावं याचा. २००३ पासून ठरावीक संख्येत ट्रेकर तिथवर जातातही. ते वाढवायचं की कमी करायचं ते गावाला ठरवू दे, दिल्लीतल्या किंवा पुण्यातल्या एजन्सीला नको. पण रामणीच्या पुढे कुणी नाही. संघ नाही, अनामत नाही, शेवटची पावलं सोडायचं नाटक नाही.

---

भटकभवानी

अर्धं अंतर आलास. गावाला ठरवू दे म्हणतोस आणि पुढच्याच वाक्यात रामणीची रेघ तूच मारतोस! गावाने ठरवलं की वर्षाला एक संघ आत न्यायचा, आपलेच पोर्टर, आपलाच दर, तर? तेव्हा चालेल?

---

कातळवेडा

नाही चालणार. प्रामाणिकपणे सांगतो, नाही.

---

भटकभवानी

चला, निदान खरं बोललास.

---

रॉकपॅच

मला एकच विचारायचंय, तेही जुन्या पिट्टूकाकांना. राग मानू नका. तुम्ही गेलात, शेळ्या बघितल्या, घळ बघितली, ४० वर्षं ती आठवण उराशी आहे. आणि आता तुम्हीच आम्हाला म्हणता, बंद ठेवा. स्वतः जेवून उठायचं आणि पंगत मोडायची, असं नाही का हे?

---

जुना पिट्टू

राग कसला, हा प्रश्न कधीतरी येणारच होता.

वर मी लिहिलं की दिब्रूघेटाला आधीच्या लोकांनी जुनिपर तोडलं होतं. पुढचं लिहिलं नाही. त्या रात्री आमचा स्टोव्ह पेटेना. वॉशर गेला होता. मग आम्हीही तेच केलं. एका खुंटाला अजून हिरवी फांदी शिल्लक होती, ती मी तोडली. ओली होती, धूर फार झाला, खिचडी कच्चीच राहिली. १९८३ मध्ये बंदीची बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा ती फांदी डोळ्यांसमोर आली, शिखर नाही.

पंगत मोडली असेल तर मी मोडणाऱ्यांतला आहे, जेवणाऱ्यांतला नाही फक्त. तुला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही बाबा.

---

रॉकपॅच

काका, दंडवत. मत बदललं नाही माझं, पण दंडवत.

---

घाटमाथा

काका, आतल्या शिखराचे फोटो असतील तर टाका ना इथे. निदान आम्ही बघू.

---

जुना पिट्टू

स्लाइड होत्या, बऱ्याचशा बुरशीने गेल्या. एक वाचलीय. शेळीचा पाठमोरा फोटो आहे. शिखर नाही त्यात, तीन दिवस ढग होते. चौथ्या दिवशी पहाटे अर्धा तास दिसलं, तेव्हा कॅमेऱ्याचा हात गारठला होता.

---

भटकभवानी

पुढच्या सप्टेंबरात लाताहून धरांसीला जाणार आहे. परमिट रीतसर, गाइड गावचाच, तंबू आणि स्टोव्ह आपले. (दोन जादा वॉशर घेईन, काका.) फार तर सहा जण. कातळवेडा, येणार आहेस का नुसता धागे काढणार?

---

कातळवेडा

येतो. पण रामणीची रेघ मी सोडलेली नाही, तिथवर रोज भांडण होणार हे धरून चाल.

---

रॉकपॅच

माझं नाव लिहा. दोरही घेतो, लागला तर असावा.

---

भटकभवानी

दोर घरी ठेव.